खड्या डाउनस्विंगमुळे पडणारा फेड कसा कमी करायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फमध्ये ज्यांचा बॉल न सांगता उजवीकडे वळतो, म्हणजे फेड पडतो, आणि ज्यांना कुणीतरी "तुझा स्विंग फार स्टीप, म्हणजे खडा, आहे" असं एकदा सांगून ठेवलंय, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

बॉल उजवीकडे वळतो म्हणजे नेमकं काय होतं?

बॉल क्लबफेसवर (क्लबच्या मारायच्या पृष्ठभागावर) जेमतेम अर्धा मिलिसेकंद असतो. त्या क्षणी दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात : फेस कुठे बघतोय आणि क्लबहेड कुठल्या दिशेने चाललंय. या दुसऱ्या गोष्टीला पाथ म्हणतात. बॉल सुटतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायचा क्लब) सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा सुमारे ८५ टक्के असतो, आयर्नला (त्याहून कमी अंतराचा लोखंडी क्लब) सुमारे ७५ टक्के. बॉल वळतो मात्र फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. पाथच्या मानाने फेस उजवीकडे उघडा असला की बॉल उजवीकडे वळणार.

एक उदाहरण घेऊ. ड्रायव्हर हातात आहे, पाथ टार्गेटच्या ६ अंश डावीकडे आणि फेस २ अंश डावीकडे. बॉल सुमारे अडीच अंश डावीकडे सुटेल, म्हणजे २०० यार्डांवर टार्गेटपासून साधारण ९ यार्ड डावीकडे. पण फेस पाथपेक्षा ४ अंश उघडा आहे, त्यामुळे तिथून तो उजवीकडे वळत राहील. आता गंमत बघा : इथे फेस टार्गेटच्या मानाने बंदच आहे, तरी बॉल उजवीकडे वळला. म्हणून "माझा फेस उघडा राहतो" एवढं म्हणून भागत नाही. कशाच्या मानाने उघडा, ते विचारायला हवं.

बॉल पाथच्या दिशेने सुटतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असं पूर्वी सर्रास शिकवलं जायचं. रडारने मोजायला लागल्यावर ते चुकीचं ठरलं, पण रेंजवर (सरावाच्या मैदानावर) आजही ऐकू येतं.

स्टीप म्हणजे शाफ्ट खडा, की बॉलवर खालच्या दिशेने मारणं?

दोन्हींना स्टीप म्हणतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

एक म्हणजे डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून खाली आणताना, शाफ्ट (क्लबची दांडी) खूप उभा असणं. दुसरं म्हणजे अटॅक अँगल, क्लबहेड बॉलवर किती अंशांनी खाली येतं ते. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडू ७ आयर्नने सरासरी ४ अंशांच्या आसपास खालीच मारतात, ड्रायव्हरने साधारण १ अंश. तेव्हा आयर्नने खाली मारणं हा दोष नव्हे. उलट प्लेन (क्लब फिरतो ती तिरपी पातळी) तोच ठेवून बॉलवर खाली मारलं, तर पाथ किंचित उजवीकडे सरकतो, कारण क्लब अजून कमानीच्या तळाशी पोचलेला नसतो आणि बाहेरच्या दिशेने जात असतो.

फेड देणारा खडेपणा पहिल्या प्रकारचा. वरून खाली येताना हात आणि उजवा खांदा बॉलच्या दिशेने पुढे झेपावतात, शाफ्ट उभा होतो आणि क्लब रेषेच्या बाहेरून आत ओढला जातो. यालाच ओव्हर द टॉप म्हणतात. या लेखात "खडा" म्हणजे हाच.

माझा स्विंग तसाच आहे हे कसं ओळखू?

सर्वांत सोपी खूण विचाराल तर आयर्न आणि ड्रायव्हर यांची तुलना. शॉर्ट आयर्न सरळ डावीकडे जातात आणि ड्रायव्हर डावीकडे सुटून उजवीकडे पळतो, असं होत असेल तर पाथ बाहेरून आत आहे हे जवळपास नक्की. दोन्हींचा स्विंग एकच असतो. शॉर्ट आयर्नला लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) जास्त असल्यामुळे बॅकस्पिन भरपूर आणि वळण कमी. ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी, त्यामुळे फेस आणि पाथमधला तेवढाच फरक बॉलला कितीतरी जास्त वळवतो. कित्येक जण हे दोन वेगळे आजार समजून दोन वेगळी औषधं घेतात.

दुसरी खूण ड्रायव्हरवर सापडते. फेसवर फूट पावडरचा स्प्रे मारा आणि पाच-सहा बॉल मारा. ठसे हीलच्या, म्हणजे शाफ्टकडच्या, बाजूला येत असतील तर पाथबरोबर तेही फेडला हातभार लावत आहेत, कारण ड्रायव्हरच्या हीलवर बसलेला बॉल गिअर इफेक्टमुळे (फटका मध्यावर न बसल्याने क्लबहेड वळून बॉलला मिळणाऱ्या फिरकीमुळे) आणखी उजवीकडे वळतो. ड्रायव्हरच्या माथ्यावर टीचे ओरखडे असतील तर क्लब वरून आदळतोय.

डिव्हॉटवरही, म्हणजे क्लबने गवत-माती उखडून पडलेल्या खड्ड्यावरही, नजर ठेवा, पण जपून. डिव्हॉट बॉलच्या पुढे पडतो आणि तोपर्यंत क्लब आत वळायला लागलेला असतो. त्यामुळे चांगल्या स्विंगचा डिव्हॉटही थोडा डावीकडे बघू शकतो. खोल आणि ठळकपणे डावीकडे तोंड केलेला डिव्हॉट असेल तरच काळजी करा.

आणि मोबाइल आहेच. तो तुमच्या मागे (टार्गेटच्या विरुद्ध बाजूला), टार्गेटच्या रेषेला समांतर, हातांच्या उंचीवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये शूट करा. कॅमेरा हातभर इकडे-तिकडे झाला की चांगला स्विंगही वाईट दिसतो, म्हणून जागा नीट धरा. डाउनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येतो तिथे व्हिडिओ थांबवा. शाफ्ट उजव्या दंडातून किंवा त्याखालून जाताना दिसला तर ठीक. तो खांद्याच्या वर, मानेजवळ दिसत असेल आणि ग्रिपचं टोक बॉलच्या रेषेऐवजी पायाच्या बोटांकडे रोखलेलं असेल, तर स्विंग खडा आहे.

पण मी असं करतो तरी का? मुद्दाम तर करत नाही.

बहुतेक वेळा उघडा फेस हे मूळ असतं आणि खडा स्विंग हा त्यावर शरीराने शोधलेला उपाय. मला या सगळ्या विषयात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

नवशिक्या खेळाडूचा फेस उघडा असतो. बॉल उजवीकडे जातो, झाडीत किंवा ओबी, म्हणजे हद्दीबाहेर. कुणी न सांगता शरीर पुढच्या बॉलला क्लब डावीकडे ओढतं. बॉल आता डावीकडे सुटतो आणि वळून फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) आसपास येतो. शरीराला बक्षीस मिळालं! मग खेळाडू स्टान्सही डावीकडे लावू लागतो, त्याने खांदे उघडतात, पाथ आणखी डावीकडे जातो आणि वळण वाढतं. वर्षभरात ही सवय इतकी पक्की होते की तोच आपला नैसर्गिक स्विंग वाटायला लागतो.

म्हणून फेस तसाच ठेवून नुसता पाथ सुधारायला गेलात की फसता. क्लब छान आतून येतो, फेस उघडा असतो, आणि बॉल उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे जातो. असे दोन-तीन बॉल गेले की शरीर आपोआप जुन्या वाटेवर परत. इंटरनेटवर स्विंग शॅलो, म्हणजे सपाट, करण्याचे व्हिडिओ बघून निराश झालेल्या पुष्कळ जणांच्या बाबतीत हेच घडलेलं असतं.

मग पहिल्यांदा काय बदलू?

ग्रिप. स्टान्स घेऊन खाली बघा. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाची एकच गाठ दिसत असेल तर ग्रिप कमजोर आहे. अडीच-तीन गाठी दिसतील इतका हात उजवीकडे फिरवा आणि क्लब तळव्यातून जाऊ देऊ नका, बोटांच्या मुळाशी धरा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये होणारा व्ही उजव्या खांद्याकडे बघायला हवा. सुरुवातीला फार विचित्र वाटेल. घरी टीव्ही बघताना क्लब धरून बसा, हात लवकर सरावतो.

मग डावं मनगट. बॅकस्विंगच्या शेवटी ते मागे मोडलेलं असेल, म्हणजे हाताची पाठ आणि पुढचा हात यांच्यात वाटीसारखा खळगा पडत असेल, तर फेस उघडतो. आरशासमोर वर जाऊन थांबा. क्लबचा टो (फेसचं शाफ्टपासून लांबचं टोक) सरळ जमिनीकडे लटकलेला दिसला तर फेस उघडा आहे. फेस डाव्या हाताला साधारण समांतर दिसेल इतकं मनगट सपाट करा.

एवढं करून अर्धे स्विंग मारा, ८ आयर्नने, कमरेपासून कमरेपर्यंत. बॉल डावीकडे जायला लागले तर अगदी योग्य चाललंय. पाथ अजून जुनाच आहे आणि फेस आता बंद होतोय. बॉल डावीकडे जाताना दिसले की पाथ उजवीकडे सरकवायला शरीर स्वतःहून राजी होतं. हा टप्पा अनेक जण घाबरून सोडून देतात. कृपा करून सोडू नका.

उभं राहण्यात काही चूक असू शकते का?

असू शकते, आणि ती सुधारणं फुकट आहे. ड्रायव्हरला बॉल डाव्या पायाच्याही पुढे ठेवला की तिथवर पोचायला खांदे उघडतात आणि पाथ डावीकडे जातो. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर बॉल ठेवा आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली असू द्या. जमिनीवर एक काठी पायांच्या रेषेत ठेवा, मग दुसरी खांद्यांवर आडवी धरून ताडून बघा. पाय सरळ आणि खांदे उघडे ही जोडी फार आढळते. फक्त पाय बघणाऱ्याला ती कळतही नाही.

वरून खाली येताना नेमकं काय करायचं?

सूचना कमीत कमी ठेवा. बॅकस्विंग पुरा होत असतानाच वजन डाव्या पायावर जायला लागू दे, पाठ क्षणभर टार्गेटकडेच राहू दे आणि हात खाली येऊ देत. उजवं कोपर उजव्या कमरेच्या पुढ्यात यायला हवं. उजवा खांदा बॉलकडे न जाता खाली जातो. बस.

"हिप जोरात फिरवा" हा सल्ला खड्या स्विंगवाल्याला बहुधा बाधतो. हात अजून वरच असताना कंबर गरकन फिरली की खांदेही तिच्याबरोबर ओढले जातात आणि क्लब बाहेर फेकला जातो. तसंच ग्रिप ताकदीने खाली ओढल्यानेही शाफ्ट आणखी उभा होतो. उजव्या हाताची पकड थोडी सैल केली तर निम्मं काम होतं.

यासाठी एकच ड्रिल करायचं झालं तर कोणतं?

कमरेएवढ्या फुलटॉसचं. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाने बॅट धरलेली असते, म्हणून हे पटकन समजतं.

सरळ उभे राहा, ७ आयर्न कमरेच्या उंचीवर आडवा धरा आणि कमरेएवढा फुलटॉस आडव्या बॅटने लाँग-ऑफकडे मारतोय असा स्विंग करा. मिडविकेटकडे मात्र नको, तिकडे मारलंत की जुना डावीकडचा पाथ परत येतो. या उंचीवर वरून आदळणं शक्यच नसतं. क्लब शरीराभोवती फिरतो, हात एकमेकांवर वळतात, फेस आपोआप बंद होतो. चार-पाच स्विंग झाले की कमरेतून थोडं वाका आणि तोच स्विंग गुडघ्याच्या उंचीवर करा. मग आणखी वाकून क्लब गवताला घासेल असा. मग बॉल ठेवून त्याच लयीत, अर्ध्या ताकदीने. मनात स्विंग पहिल्याचाच हवा, बदलतो तो फक्त कमरेतला वाक.

कोर्सवर याचाच भाऊबंद सापडतो : बॉल पायांपेक्षा उंचावर असलेला उतार. तिथे स्विंग स्वतःहून सपाट होतो. सरावाला अशी जागा मिळाली तर सोडू नका.

हेडकव्हर ठेवून करतात ते ड्रिल उपयोगी आहे का?

आहे, पण फेस सुधारल्यावर. बॉलच्या पलीकडे चार बोटं आणि जरासं मागे रिकामं हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावर घालायची टोपी) ठेवा. बाहेरून येणारा क्लब आधी त्याला लागेल. काठी रोवून हे करू नका, मनगटाला झटका बसतो.

क्रिकेटमुळे माझा गोल्फ स्विंग बिघडलाय का?

हात-डोळ्याचा मेळ क्रिकेटनेच दिलाय, त्याला नावं ठेवू नका. मात्र लहानपणापासून घोटलेला सरळ बॅटचा ड्राइव्ह दोन सवयी मागे ठेवतो. बॅट जवळजवळ उभ्या पातळीत वर-खाली होते, डावं कोपर उंच राहतं. आणि बॅटचा फेस शेवटपर्यंत बॉलरला दाखवत ठेवायचा असतो, मनगटं वळवायची नसतात. गोल्फमध्ये या दोन्हींतून खडा स्विंग आणि उघडा फेस मिळतो. म्हणून तर वरच्या ड्रिलमध्ये आडव्या बॅटचा फटका घेतलाय.

अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा बॅकस्विंग तर केवढा उभा आहे. मग तो कसा जिंकला?

त्याचा क्लब वर जाताना अगदी उभा जातो, पण खाली येताना एक वळसा घेऊन मागे पडतो आणि सपाट होऊन बॉलवर येतो. याच स्विंगवर त्याने २००३ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ साली ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमध्ये ५८ फटक्यांची फेरी खेळली. बॅकस्विंग उभा असल्याने काही बिघडत नाही, खाली येतानाची वाट पाहायची. उलट बॅकस्विंग फार आत ओढून सपाट करणारे हौशी खेळाडू वरून बाहेर फेकले जाताना जास्त दिसतात.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचा क्रेग पॅरी. त्याचा स्विंग उघड उघड ओव्हर द टॉप, तरी २००४ साली डोराल इथे त्याने प्लेऑफमध्ये ६ आयर्नने फेअरवेवरून थेट होल केला. त्याची वेळ आणि फेसवरचा ताबा विलक्षण होता. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये.

फेड पूर्णच घालवून ड्रॉ (डावीकडे वळणारा फटका) शिकू का?

गरज नाही. जॅक निकलॉसने १८ मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या त्या प्रामुख्याने फेडवर. बेन होगनने हूकपासून (फार डावीकडे वळणाऱ्या फटक्यापासून) सुटका करून घ्यायला ग्रिप कमजोर केली आणि फेडचा आसरा घेतला. पाथ दोन-तीन अंश डावीकडे आणि फेस त्याच्यापेक्षा जरासा उघडा, हा फेड वर्षानुवर्षं भरवशाने खेळता येतो. त्रास होतो तो पाथ सहा-सात अंश डावीकडे असला की, कारण तिथे अंतर जातं आणि बॉल किती वळेल याचा नेम राहत नाही.

सराव करताना मात्र ड्रॉ मारायचा प्रयत्न जरूर करा. जुन्या सवयीपासून लांब जायला थोडं पलीकडे जावं लागतं.

आता बॉल मधूनच सरळ उजवीकडे जातो, नाहीतर जमीन आधी लागते. जास्त झालं का?

हो. हात मागे अडकून क्लब फार आतून येतोय. छाती टार्गेटकडे फिरत राहू दे आणि काही दिवस शॅलोची ड्रिल बंद ठेवा. हूक पडायला लागले तर ग्रिप अर्धी गाठ परत डावीकडे.

नवा ड्रायव्हर घेतला तर फरक पडेल का?

थोडा. जास्त लॉफ्टचा ड्रायव्हर, म्हणजे ९ ऐवजी १०.५ किंवा १२ अंश, वळण कमी करतो. हीलकडे वजन असलेला ड्रॉ बायसचा क्लबही मदत करतो. पण पाथ सात अंश डावीकडे असेल तर कुठलाही क्लब पुरा पडणार नाही. आधी कुणाचा तरी मागून घेऊन मारून बघा, मग पैसे घाला.

रेंजवर बॉल छान जातात आणि कोर्सवर नाही. असं का?

मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या मागे दोन इंच आदळला तरी मॅटवरून सरकून बॉलवर जातो आणि फटका बरा वाटतो. पुण्या-मुंबईकडच्या पावसाळ्यात तोच फटका ओल्या मातीत रुततो आणि बॉल वीस पावलं जातो. शिवाय खड्या स्विंगने कडक मॅटवर बादल्यामागून बादल्या मारल्या की कोपर आणि मनगट दुखायला लागतं. दुखत असेल तर थांबा, बॉल टीवर ठेवून मारा. शक्य तेव्हा गवतावर सराव करा. बॉलच्या जागी जमिनीवर एक रेघ ओढायची आणि डिव्हॉट रेघेच्या पुढे पडतो का ते बघायचं, यात बॉलही लागत नाही.

रविवारी स्पर्धा आहे आणि फेड अजून जात नाही. काय करू?

या आठवड्यात स्विंगला हात लावू नका. टी बॉक्सच्या उजव्या कडेला टी लावा आणि फेअरवेच्या डाव्या कडेवर नेम धरा, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. उजवीकडे ओबी असेल तिथे ड्रायव्हरऐवजी ५ वुड किंवा हायब्रिड काढा, लॉफ्टमुळे वळण कमी होईल. ड्रायव्हर ॲडजस्टेबल असेल तर लॉफ्ट आणि फेसची सेटिंग फेरी सुरू होण्यापूर्वीच करून घ्या, फेरीदरम्यान ती बदलायला नियमांची परवानगी नाही. दिशा दाखवायला जमिनीवर काठी किंवा क्लब ठेवून फटका मारणंही चालत नाही. त्याऐवजी बॉलच्या पुढे दोन-तीन फुटांवरचं एखादं पान किंवा जुना डिव्हॉट नेमासाठी निवडा आणि खांदे त्यावर लावा.